यझदीच्या पोटात कोणती मोटार?

गेल्या महिन्यात बेळगावहून गोवा एक्स्प्रेस धरली आणि भोपाळला आक्काकडे आठ दिवस राहून आलो. निघालो होतो तिच्या गुडघ्यांची चौकशी करायला. पोहोचल्यावर कळलं की खरं बोलावणं भाच्याचं होतं आणि चौकशी करायची होती ती भावोजींच्या यझदीची.

आक्काचं घर आनंद नगरात, रायसेन रोडला. पिपलानी आणि भेलची वसाहत तिथून जवळच. भावोजींची सगळी नोकरी भेलमध्ये गेली, तीही रेल्वेच्या ट्रॅक्शन मोटारींच्या विभागात. तीन वर्षांपूर्वी ते गेले, आणि त्यांची रोडकिंग तेव्हापासून पोर्चमध्ये जुन्या चादरीखाली उभी आहे. ही गाडी म्हैसूरची. आयडियल जावाचा तो कारखाना १९६१ साली सुरू झाला आणि १९९६ साली बंद पडला, हे आपल्याकडच्या वाचकांना मी सांगायला नको. किक मारून झाली की तोच दांडा गियरचा होतो, ही तिची खोड आमच्या पिढीतल्या कितीजणांच्या नडगीला अजून आठवत असेल.

इंजिन जाम झालेलं. भाचा म्हणाला, "मामा, इंजन तर गेलं. मी हिला इलेक्ट्रिक करतो. ब्रशवाली डीसी मोटर लावतो. कोणती लावू, एवढंच तुम्ही सांगा."

आक्काने पोळी लाटता लाटता माझ्याकडे न बघता कन्नडमध्ये सांगितलं, "अवनिगे बेड अंत हेळु." त्याला नको म्हणून सांग. पोराला कन्नड येत नाही. बेळगाव सोडून पस्तीस वर्षं झाली तरी आम्हा भावंडांची ही भाषा म्हणजे भोपाळात बँकेचं लॉकर आहे. तिची भीती दोन गोष्टींची. भावोजींच्या फंडातले साठ हजार त्यात जाणार, आणि शेवटी त्या गाडीवर मागे तिलाच बसावं लागणार.

वाचकहो, या सदरात आतापर्यंत मिक्सर झाला, विहिरीवरचा पंप झाला, पिठाच्या गिरणीची मोटारही झाली. उद्यमबागेत तीस वर्षं मोटारींचं रिवाइंडिंग केलेल्या माणसाला 'कोणती मोटार घेऊ' हा प्रश्न नवा नाही. पण त्या मोटारीवर आपली बहीण बसणार असेल तर उत्तर देताना जीभ जरा जड होते.

आधी ब्रशची मोटार म्हणजे काय ते थोडक्यात. डीसी मोटारीत मधला फिरणारा भाग, म्हणजे आर्मेचर, अर्धा फेरा फिरला की त्यातला करंट उलटा करावा लागतो, नाहीतर ते तिथेच अडकून बसेल. हे उलटं करण्याचं काम तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर आणि त्यावर स्प्रिंगने दाबलेले कार्बन ब्रश करतात. आजच्या बहुतेक विजेच्या स्कूटरांत ब्रश नसतात, तेच काम इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर करतो. त्या मोटारी जास्त काटकसरी, त्यांना झीज कमी आणि आत काळी धूळ नाही. मग ब्रशची कशाला घ्यायची? कारण तिला दोनच वायरी असतात. बॅटरी जोडली की ती फिरते. बिघडली तर कुठे बिघडली ते डोळ्यांना दिसतं. आणि ब्रश झिजला तर नवा बसवणारा माणूस तालुक्याच्या गावातसुद्धा सापडतो.

हिला जुनाट म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी एक आठवण. बेळगाव स्टेशनावर आपण वर्षानुवर्षं ज्या डब्ल्यूडीएम-२ जातीच्या डिझेल इंजिनांचा धूर खाल्ला, त्यांची चाकं डिझेल थेट फिरवत नव्हतं. डिझेल फक्त वीज तयार करायचं. चाकांवर बसलेल्या असायच्या सहा डीसी मोटारी, ब्रशवाल्या. भावोजींची हयात अशाच मोटारींत गेली. मुलाने ब्रशचीच मोटार का धरली, ते मला तिथेच कळलं आणि मी आक्काचा निरोप काही त्याला दिला नाही.

भाच्याने तीन पर्याय जमवले होते. पहिली होती भंगारातून आणलेली फोर्कलिफ्टची मोटार, पोर्चमध्येच ठेवलेली. वजन छत्तीस किलो, किंमत सहा हजार. दुसरी ट्रेडमिलची, मित्राच्या बंद पडलेल्या व्यायामशाळेतून फुकट मिळणारी. तिसरी फक्त कागदावर, चपटी, ताटासारखी, कायम चुंबकाची, वजन अकरा किलोच्या आसपास आणि किंमत ऐकून आक्काने लाटणं खाली ठेवलं.

ट्रेडमिलची आधी बाजूला केली. तिच्यावर 'अडीच हॉर्सपॉवर' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. पण खाली बारीक अक्षरांत १८० व्होल्टही लिहिलं होतं. गाडीत बॅटरी ४८ व्होल्टची. डीसी मोटारीचा वेग व्होल्टबरोबर चालतो, त्यामुळे ४८ व्होल्टवर ती पाव वेगाने फिरणार. करंट तर वाइंडिंगला सोसतो तेवढाच देता येतो. म्हणजे ताकदही पावावर आली. अडीचातली पाऊण हॉर्सपॉवरसुद्धा हाती लागत नाही. फुकटातली मोटार महाग पडते ती अशी.

मग जुन्या कॅलेंडरची पाठ घेऊन बसलो. गाडी, बॅटरी, भाचा आणि आक्का मिळून २८० किलो धरले. सपाट रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरने जायचं तर वाऱ्याचा आणि टायरचा विरोध मोडायला चाकावर सुमारे दीड किलोवॅट लागतात. साखळीतली आणि मोटारीतली घट धरली की बॅटरीतून १.९ किलोवॅट, म्हणजे ४८ व्होल्टला ४० अँपिअर. त्याच वेगात शंभर फुटाला पाच फूट असा चढ लागला तर आकडा जातो ४.३ किलोवॅटवर, ९० अँपिअरवर. भाचा खट्टू झाला. "पप्पांची यझदी सोळा हॉर्सपॉवरची होती, मामा." होती, पण ते सोळा घोडे इंजिन वर किंचाळायला लागल्यावर गोळा व्हायचे. विजेची मोटार उभ्या जागेवरून पूर्ण जोर देते. पाच-सहा घोडे सतत ओढणारे असले तर शहरात रडायची पाळी येत नाही.

'सतत' हा शब्द मी कॅलेंडरवर दोनदा अधोरेखित केला. मोटारीच्या नेमप्लेटवर किलोवॅटच्या शेजारी एस-१ किंवा एस-२ असं काहीतरी कोरलेलं असतं, तिकडे कुणी बघत नाही. एस-१ म्हणजे दिवसभर चालवा. एस-२ आणि पुढे ६० मिनिटं म्हणजे तासाभराने थांबवून गार करा. काही मोटारींवर पाच मिनिटांचा आकडा असतो, आणि विकणारा तोच मोठ्याने सांगतो. गाडीच्या स्टार्टरची मोटार तर काही सेकंदांचीच सोबती. ती मोटारसायकलला लावायची कल्पना दर दोन वर्षांनी कुणाला तरी सुचतेच.

मोटार जळते ती करंटच्या उष्णतेने, आणि ही उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. चाळीस अँपिअरला वाइंडिंगमध्ये ५० वॅट जात असतील तर १५० अँपिअरला ते जवळजवळ ७०० होतात, चौदा पट. दीडशे अँपिअर लागतात कुठे? उड्डाणपुलाच्या चढावर सिग्नलला थांबून, दोघांना घेऊन, पुन्हा निघताना. त्यात मोटार जागेवर अडली तर सगळा करंट कम्युटेटरच्या त्याच दोन-तीन पट्ट्यांतून जातो. दहा सेकंदांत त्या निळ्या पडतात आणि पुढे कायम ब्रशला खरवडत राहतात. मोटारीचा पंखाही तिच्याच शाफ्टवर असतो. जिथे ती हळू फिरते आणि जास्त तापते, नेमका तिथेच वारा कमी. हासिगे इद्दष्टु कालु चाचु, असं आमची आई म्हणायची. इथे अंथरूण म्हणजे सतत सोसणारा करंट, आणि पाय म्हणजे कंट्रोलरवर लिहिलेले ४०० अँपिअर.

यावर उपाय मोठी मोटार नव्हे, तर दातांचं गणित. रोडकिंगचं मागचं चाक एका फेऱ्यात जवळपास दोन मीटर जातं. ताशी ६० किलोमीटरला ते मिनिटाला पाचशेच्या थोडं वर फिरतं. मोटार ४८ व्होल्टवर वजन घेऊन २८०० फेरे देत असेल तर गुणोत्तर साडेपाचाच्या आसपास हवं. मोटारीवर अकरा दातांचं स्प्रॉकेट, चाकावर साठ दातांचं. भाच्याला ताशी ९० हवे होते. मी म्हटलं, मग चाकावर चाळीस दात लाव, पण मग पुलावर निघताना दीडशे नव्हे, सव्वादोनशे अँपिअर मोज. पोर हिशेबाला पक्कं आहे. त्याने स्वतःच साठ लिहिले.

आता पोर्चमधली ती छत्तीस किलोची. स्वस्त, दणकट, नेमप्लेटवर साठ मिनिटांना साडेचार किलोवॅट. वजन सोडलं तर आकड्यांत बसत होती. भाच्याचा जीव तिच्यावर जडला होता, कारण ती दिसायला रेल्वेच्या मोटारीचं पिल्लू होती. आणि मला घाम फुटला तो तिच्यावरच.

ती सीरीज जातीची होती. तिच्यात चुंबक नसतं. फील्ड कॉइलमधून आणि आर्मेचरमधून एकच करंट जातो. ओझं वाढलं की करंट वाढतो आणि जोर करंटहूनही भराभर वाढतो, म्हणून रेल्वेने ती शंभर वर्षं वापरली. पण ओझं काढलं की उलटं होतं. करंट उतरतो, फील्ड दुबळं होतं, आणि दुबळ्या फील्डमध्ये मोटार आणखी जोरात पळते. तिला वरची मर्यादाच नाही. मी धंद्यात नवा असताना दुरुस्त केलेली अशीच एक मोटार मोकळी टेबलावर ठेवून सरळ बॅटरीला जोडली होती. आवाज शिट्टीसारखा चढत गेला. मी वायर ओढेपर्यंत कम्युटेटरच्या पट्ट्या सुटून एक तुकडा पत्र्याच्या छपरातून आरपार गेला. त्या दिवशी माझा हेल्पर डबा खायला बाहेर गेला होता. एवढंच सांगतो.

गाडीवर मोटार मोकळी कशी होईल, असं भाच्याने विचारलं. साखळी तुटली की. मुठीत थ्रॉटल पिळलेलं असताना साखळी तुटते, कारण जोर तेव्हाच असतो, आणि मोटार बसलेली असते ती दोन मांड्यांच्या मध्ये. कायम चुंबकाच्या मोटारीत हे होत नाही. चुंबक तिथेच असतं, वेग व्होल्टच्या हिशेबाने एका जागी थांबतो. साखळी तुटली तर ती तीन हजार फेऱ्यांवर नुसती भिरभिरत राहील. तिचीही दुखणी आहेत. भलताच करंट ढकलला किंवा फार तापवली तर चुंबकाचा जोर कमी होतो, आणि तो रिवाइंडिंगने परत येत नाही. पण मोटार मंद झाली तर माणूस चालत घरी येतो.

दुसरी गोष्ट मोटारीची नाही, पण मोटार निवडतानाच ठरवायची आहे. ब्रशच्या मोटारीचा कंट्रोलर आत ट्रान्झिस्टरची उघडझाप करून वेग कमी-जास्त करतो. तो ट्रान्झिस्टर जळाला की बहुतेक वेळा उघडा न राहता आतून जोडला जातो. म्हणजे मूठ सोडली तरी मोटारीला पूर्ण बॅटरी. ब्रश नसलेल्या मोटारीत तसाच बिघाड झाला तर ती पळत नाही, अडखळते, ब्रेक लागल्यासारखी होते. दोन वायरींचा साधेपणा इथे महागात पडतो. तेव्हा ब्रशची मोटार घेणाऱ्याने बॅटरीच्या वाटेवर फ्यूज आणि डीसीसाठीच बनवलेला कॉन्टॅक्टर लावलाच पाहिजे, आणि तो तोडणारं लाल बटण अंगठ्याखाली पाहिजे. घरातला साधा एमसीबी इथे कामाचा नाही. घरातली एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, म्हणून ठिणगी आपोआप विझते. डीसी शून्यावर येतच नाही, ठिणगी चिकटून बसते.

हे ऐकून भाच्याचा चेहरा उतरला. बाप असता तर असंच बोलला असता, असं त्याला वाटलं असावं. मग मीच त्याला आयल ऑफ मॅनची गोष्ट सांगितली. जून २००९ मध्ये त्या बेटावरच्या प्रसिद्ध रस्त्यावर विजेच्या मोटारसायकलींची पहिली शर्यत झाली. साठ किलोमीटरची फेरी. जिंकली अग्नी नावाच्या संघाची गाडी, सरासरी ताशी १४० किलोमीटरने. सुझुकीच्या सांगाड्यात दोन मोटारी होत्या, दोन्ही ब्रशच्या, चपट्या, कायम चुंबकाच्या, आणि ही अग्नीची मोटार गुजरातेत तयार होणारी. तिचा मूळ आराखडा सेड्रिक लिंच नावाच्या इंग्रज माणसाचा, जो कुठल्याही इंजिनियरिंग कॉलेजात गेला नाही. बेळगावात सायकलींचं दुकान काढणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर, आणि त्याच घराण्याने १९४६ साली बंगळुरात काढलेला मोटारींचा कारखाना, ही आपली गोष्ट त्याला ठाऊक होती. ही नव्हती. कागदावरच्या तिसऱ्या मोटारीकडे तो पुन्हा बघायला लागला.

एक कडू गोळी राहिली होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनाला येईल तो बदल करून ती रस्त्यावर आणता येत नाही. विजेवर करायची तर पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेने तपासून मंजूर केलेला किट हवा, आणि आरसीवर तशी नोंद हवी. नाहीतर अपघात झाल्यावर विमा कंपनी काय म्हणेल ते सांगायला ज्योतिषी नको. मंजूर किट घ्यायचा तर मोटार कोणती हा प्रश्नच उरत नाही, किटवाला देईल ती. आणि असे किट सहसा ब्रश नसलेल्या मोटारीचेच. मी त्याला स्पष्ट सांगितलं, रोज कामावर जायला आणि आईला दवाखान्यात न्यायला गाडी हवी असेल तर साठ हजारांत तो मार्ग धर, किंवा सरळ स्कूटर घे. स्वतःच्या हाताने बापाची गाडी फिरवायची असेल तर ही मोटार घे, पण कुंपणाच्या आत.

दोन दिवस तो माझ्याशी नीट बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आईला बसने नेतो, मामा. गाडी करतोच. गोविंदपुऱ्यात मित्राचं शेड आहे, तिथलं आवार मोठं आहे." साठातले पस्तीस आक्काला परत दिले. चपटी मोटार त्याने नवी न घेता वापरलेली शोधली. मी ती उघडून ब्रश पाहिले, पट्ट्या पाहिल्या, चुंबक पाहिलं. कम्युटेटरचा रंग चॉकलेटी होता, एकसारखा. असा रंग असला की समजावं, आधीच्या मालकाने हिला छळलेलं नाही.

नवे ब्रश घासून बसवताना काचपेपर लागतो, एमरी पेपर नव्हे. त्याचे कण ब्रशमध्ये रुततात आणि तांबं खातात. काचपेपर शोधायला भावोजींची पेटी उघडली तर तळाशी पितळी स्प्रिंगकाटा निघाला, आपल्याकडे बाजारात भाजीवाल्याकडे असायचा तसा, फक्त लहान. "याने पप्पा काय वजन करायचे?" भाच्याला कळेना. ब्रशच्या स्प्रिंगचा दाब मोजायचे. दाब कमी पडला तर ठिणग्या उडतात, जास्त झाला तर ब्रश आणि तांबं दोन्ही झिजतात. त्याला काटा कसा अडकवायचा ते दाखवलं. चारही ब्रशचा दाब त्याने एकट्याने मोजला आणि पाटीवर लिहिला.

मी निघायच्या आदल्या दिवशी शेडमध्ये गाडी चालली. मागचं चाक आधी लाकडाच्या ठोकळ्यावर उचलून, मग जमिनीवर. यझदी आवाज न करता पुढे सरकली ते पाहून मला जरा चुकल्यासारखंच झालं. दोन फेऱ्यांनंतर आक्का, जी फक्त बघायला आली होती, पदर खोचून मागे बसली. भाच्याने तिच्यासाठी सीटच्या बाजूला दुसरं लाल बटण लावलं होतं. तिसऱ्या वळणावर त्याने मूठ जरा जास्त पिळली असावी. गाडी मध्येच गपकन मेली.

"काय झालं?" म्हणून तो उतरून वायरी बघायला लागला. आक्काचं बोट अजून बटणावरच होतं. माझ्याकडे बघून म्हणाली, "साकु."

तो शब्द मात्र भाच्याला कळला.